तान्ह्या मुलांचा इसब : तीन वसंतांची मोजणी

तान्ह्या मुलाच्या गालांवर लाल चट्टे उठले, त्यांतून लस वाहू लागली आणि ते रात्रभर अंग खाजवीत रडू लागले, की घरातील वडीलधारी मंडळी प्रथम त्याच्या आईकडे वळतात. ‘काय ग खाल्लेस?’ हा प्रश्न ठरलेलाच. मग तिचे दही बंद, अंडे बंद. आज ह्या प्रश्नाचाच थोडा इतिहास आपणांपुढे मांडावयाचा आहे.

इसब हा काही नवा रोग नव्हे. चरकाच्या अठरा कुष्ठांतील विचर्चिकेशी वैद्य त्याचा मेळ घालतात. ‘एक्झिमा’ हे नाव ग्रीक असून त्यात उकळून वर येण्याचा भाव आहे. परंतु हा रोग किती मुलांना होतो, हे मोजण्याची बुद्धी माणसाला फार उशिरा झाली.

ब्रिटनमध्ये १९४६ च्या मार्चमधील एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांची नोंद करून त्यांतील हजारोंचा पुढे माग ठेवण्यात आला. असाच उपक्रम १९५८ च्या मार्चमध्ये आणि १९७० च्या एप्रिलमध्ये झाला. ह्या तीन वसंतांतील बालकांची तुलना १९८४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. इसबाचे प्रमाण शेकडा ५.१, मग ७.३, मग १२.२! रोग वाढला, की आईबापांची नजर तीक्ष्ण झाली? शंका रास्त आहे, कारण आकडे त्यांच्याच सांगण्यावरून घेतलेले होते. पण गंमत अशी की, सुखवस्तू घरांत हे प्रमाण अधिक होते. दारिद्र्याने रोग येतो, हा आपला नेहमीचा हिशेब येथे उलटा पडला.

१९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९५८ च्या १७,४१४ मुलांची टिपणे पुन्हा चाळली. घरात थोरली भावंडे जितकी जास्त, तितका पहिल्या वर्षातील इसब कमी, असे त्यांना आढळले. भावंडांकडून लहानपणी होणारे संसर्ग बाळाला वाचवीत असावेत, असा त्यांचा तर्क. ह्या तर्कावर पुढे पुष्कळ वाद झाले. घाणीची तरफदारी करण्यासाठीही काहींनी तो वापरला, ते सोडून देऊ.

२००६ साली डंडी येथील आयर्विन मॅकलीन आणि सहकाऱ्यांनी दुसरेच दार उघडले. त्वचेचा वरचा थर अभंग राखणाऱ्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असला, तर इसबाचा संभव बराच वाढतो. युरोपात सुमारे दहांत एकाकडे असा दोष असतो. तो सर्वांनाच भोवतो असे नाही. आणि तो नसतानाही इसब होतोच. मात्र हा वारसा आईप्रमाणे बापाकडूनही येतो. आईने पथ्य पाळल्याने बाळाचा इसब टळतो, हे काही अद्याप सिद्ध झालेले नाही. तेव्हा दही सोडणाऱ्या त्या माउलीवरचा आरोप ह्या पुराव्याने टिकत नाही.

कातडीच गळकी असेल, तर जन्मापासून मलम चोळून ती सांधावी, हा विचार ओघानेच आला. ब्रिटनमध्ये घरी दमा, इसब किंवा परागज्वर असलेल्या १,३९४ बाळांवर हा प्रयोग झाला. २०२० साली निष्कर्ष आला : वर्षभर रोज मलम लावलेल्यांत दुसऱ्या वर्षी शेकडा २३ जणांना इसब, न लावलेल्यांत २५.