शेरलॉक होम्स आणि स्वमग्न प्रेक्षक

शेरलॉक होम्स १८८७ सालीं प्रथम वाचकांपुढें आला, तेव्हां स्वमग्नता हें निदानच वैद्यकास ठाऊक नव्हतें. लिओ कॅनर यांचा अकरा मुलांविषयींचा निबंध १९४३ सालीं निघाला, व हान्स आस्पेर्गर यांचा १९४४ सालीं. अर्थात् कॉनन डॉयल यांनीं जाणूनबुजून स्वमग्न मनुष्य चितारला, असें म्हणतां येत नाहीं.

तरीहि पडद्यावरील होम्समध्यें कित्येक स्वमग्न प्रेक्षकांस आपलें रूप दिसतें, तें कां? १९८४ पासून जेरेमी ब्रेट यांनीं दूरचित्रवाणीवर उभा केलेला होम्स पाहावा. तपशिलावर खिळलेली दृष्टि, एकाच विषयाचा ध्यास, लोकाचाराविषयीं बेफिकिरी. चारचौघांत जें विक्षिप्त ठरतें, त्याच्याच भरंवशावर येथें लोक बेकर स्ट्रीटचा जिना चढतात, आणि वॉटसन त्याचे टोमणे सोसूनहि स्नेही राहतो. बी. बी. सी.च्या 'शेरलॉक' मालिकेंतील २०१२ सालच्या एका भागांत तर वॉटसनच आस्पेर्गरचें नांव ओझरतें घेतो.

मात्र या आरशांत एक धोका आहे. होम्सचा विक्षिप्तपणा जग खपवून घेतें, तें त्याच्या बुद्धीच्या मोबदल्यांत. ज्या स्वमग्न माणसास एकहि कोडें सुटत नाहीं, त्याच्या वांट्यास वॉटसन यावयास नको काय?