दुचाकीचा मागचा परावर्तक आणि पार्किंगचा पास

मोखाडा तालुका हा डोंगरउतारांचा मुलूख. पालघर, मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६० अ असो, की खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसाऱ्याला उतरणारा रस्ता असो, गावठाण मागे पडले की वळणे सुरू होतात आणि दिवे संपतात. या रस्त्यांवर मोटारसायकल ही चैनीची वस्तू नाही. एस.टी. चुकली की दवाखाना, बाजार, शाळा आणि रोजगार या साऱ्यांशी जोडणारा तो एकमेव दुवा असतो. अशा वाहनाच्या मागे बसविलेला तळहाताहूनही लहान असा लाल तुकडा म्हणजे परावर्तक, अर्थात बोलीभाषेतील रिफ्लेक्टर. त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अलीकडे मात्र तो एका वेगळ्याच कारणाने गॅरेजवाल्यांच्या हाताखाली येऊ लागला आहे. पार्किंगचा पास लावण्यासाठी तो काढला जातो, त्याला भोक पाडले जाते किंवा त्याच्यावरच पास चिकटविला जातो. या फेरफारात काय साधते आणि काय गमावते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पास मागेच का लागतो?

मोखाड्याच्या बाजारपेठेत गाडी उभी करण्यास पास लागत नाही. त्याची गरज भासते ती गाडी तालुक्याबाहेर गेल्यावर. मध्य रेल्वेची उपनगरी गाडी जिथून सुटते त्या कसारा स्थानकापर्यंत दुचाकीने येऊन पुढे लोकल धरणारे नोकरदार, नाशिक किंवा ठाण्याकडे शिकणारे विद्यार्थी, कारखान्यांतील कामगार आणि शहरातील गृहनिर्माण सोसायट्यांत राहावयास गेलेली कुटुंबे यांना मासिक वा वार्षिक पास दर्शनी ठिकाणी लावण्यास सांगितले जाते. मोटारीला पुढची काच असते, त्यामुळे तिचा प्रश्न आतून चिकटविलेल्या चौकोनी कागदाने सुटतो. मोटारसायकलला तशी काच नसते. टाकीवर लावलेला कागद पेट्रोलच्या ओघळाने विरतो, पुढच्या चिमट्यावरचा चिखलाने माखतो आणि सीटखालचा कोणाला दिसत नाही. शिवाय वाहनतळावर दुचाक्या भिंतीकडे तोंड करून दाटीने उभ्या केल्या जातात आणि पहारेकऱ्याच्या नजरेसमोर राहते ती मागची बाजू. साहजिकच पासची जागा मागे शोधली जाते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये १९२१ पासून वाहनकराची कागदी चकती वाहनावर लावावी लागे. मोटारसायकलस्वार ती काच व धातूच्या छोट्या गोल डबीत बंद करून नंबरप्लेटच्या किंवा अन्य एखाद्या बोल्टला अडकवीत. १ ऑक्टोबर २०१४ रोजी ती कागदी चकतीच रद्द झाली. तथापि मूळ भागाला धक्का न लावता आहे त्याच बोल्टचा आधार घेण्याची ही युक्ती आजही मार्गदर्शक ठरावी अशी आहे.

नंबरप्लेटचा मार्ग बंद

पूर्वी आपल्याकडेही पासची पट्टी नंबरप्लेटच्या स्क्रूलाच अडकविण्याची पद्धत होती. आता तो मार्ग बंद झाला आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवूनच येते आणि त्यापूर्वीच्या वाहनांनाही महाराष्ट्रात ती बंधनकारक करण्यात आली. दुचाकीची मागची पाटी २०० बाय १०० मि.मी. आकाराची असून ती एकदाच बसणाऱ्या कुलूपबंद खिळ्यांनी जखडलेली असते. हे खिळे उघडून पुन्हा वापरता येत नाहीत. पाटीला जादा भोक पाडणे, तिच्यावर कागद चिकटविणे किंवा तिचा एखादा अंक झाकणे हे नियमबाह्य आहे. मग मागच्या बाजूला साध्या पान्याने उघडता येईल असा बोल्ट बहुधा एकच उरतो, तो म्हणजे परावर्तकाचा. गॅरेजमधील हात त्याच्याकडे वळतो तो यामुळेच.

परावर्तकाचे काम चालते कसे?

परावर्तकाला वीज लागत नाही, तार लागत नाही. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या लाल ॲक्रिलिकच्या आतील पृष्ठावर शेकडो सूक्ष्म कोपरे घडविलेले असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा परस्परांशी काटकोनात मिळतात, तशीच प्रत्येक कोपऱ्याची तीन पृष्ठे असतात. त्यांत शिरलेला प्रकाशकिरण तिन्ही पृष्ठांवर आपटून ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत फिरतो. आरसा किरण दुसरीकडे फेकतो, परावर्तक तो आल्या वाटेने परत पाठवितो, हा दोहोंतील फरक. म्हणूनच मागून येणाऱ्या वाहनचालकाला स्वतःच्याच दिव्याच्या उजेडात तो निखाऱ्यासारखा पेटलेला दिसतो. चंद्रावर १९६९ साली अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी ठेवलेली १०० लोलकांची चौकट याच तत्त्वावर पृथ्वीवरून सोडलेला लेसर परत पाठविते. भारताच्या चांद्रयान-३ मधील विक्रम लँडरवरही अशाच आठ परावर्तकांचे छोटे उपकरण बसविलेले होते.

यातील कळीची गोष्ट अशी, की त्या सूक्ष्म कोपऱ्यांच्या पाठीमागे चांदीचा वा पाऱ्याचा थर नसतो. तेथे असते ती केवळ कोंडलेली हवा. ॲक्रिलिकमधून हवेच्या सीमेवर सुमारे ४२ अंशांपेक्षा अधिक तिरका पडलेला किरण बाहेर न जाता पूर्णपणे आत परततो. परावर्तकावर समोरून आलेला किरण या पृष्ठांवर सुमारे ५५ अंशांनी पडतो, त्यामुळे तो सुटून जात नाही. पण हवेच्या जागी पाणी शिरले की हीच मर्यादा ४२ वरून सुमारे ६३ अंशांवर जाते. ५५ अंशांचा किरण मग परत न फिरता पाण्यातून निसटतो आणि परावर्तकाचा तेवढा भाग आंधळा होतो. गोंद, रंग किंवा सीलंट मागच्या पृष्ठाला लागल्यासही हेच घडते.

फेरफार आणि त्याची किंमत

हे तत्त्व लक्षात घेतले की नेहमीच्या तीन फेरफारांतील दोष आपोआप उघड होतात.

पहिला फेरफार म्हणजे परावर्तकाला मधोमध भोक पाडून त्यावर पासची पट्टी स्क्रूने आवळणे. ॲक्रिलिक ठिसूळ असते, ड्रिलच्या टोकाखाली त्याला केसासारखे तडे जातात. तडा गेला नाही तरी लाल भिंग आणि मागचे झाकण यांच्यामधील हवाबंद पोकळी उघडी पडते. उन्हाळ्यात त्यात धूळ जाते आणि मोखाड्यासारख्या मुसळधार पावसाच्या प्रदेशात पहिल्याच पंधरवड्यात पाणी साचते. दिवसा परावर्तक पूर्ववत लाल दिसतो, पण रात्री तो परावर्तन करीत नाही.

दुसरा फेरफार म्हणजे पास परावर्तकाच्या तोंडावरच चिकटविणे. जेवढा भाग झाकला तेवढा उजेड गेला, हा हिशेब सरळ आहे. पास जुना झाल्यावर तो खरवडताना किंवा थिनरने पुसताना भिंगावर ओरखडे व धुरकटपणा येतो, तो कायमचा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेनेही ॲक्रिलिक पांढुरके पडते.

तिसरा फेरफार सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक. परावर्तक काढून टाकायचा आणि त्याच बोल्टला पास लावायचा. टेललॅम्प आहे, मग परावर्तकाची गरज काय, असे यावर म्हटले जाते. त्याचे उत्तर घाटातल्या रात्रीने द्यावे. पंक्चर झालेली, पेट्रोल संपलेली किंवा नुसतीच रस्त्याच्या कडेला लावलेली दुचाकी इंजिन व चावी बंद असताना एकही दिवा दाखवीत नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटू लागला, परंतु इंजिन बंद झाले की तोही विझतो. उभ्या गाडीचे अस्तित्व सांगणारा प्रमुख भाग परावर्तक हाच असतो. ताशी ६० कि.मी. वेगाने येणारे वाहन दर सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. चालकाला धोका उमगून ब्रेक दाबण्यास दीड सेकंद लागला, तर तेवढ्यात २५ मीटर रस्ता संपलेला असतो, आणि गाडी थांबण्याची क्रिया त्यानंतर सुरू होते.

योग्य जोडणी

परावर्तकाला हात न लावता त्याच्या बोल्टचा आधार घेणे, हा यातील निर्धोक उपाय आहे. बहुतेक मोटारसायकलींत परावर्तकाच्या मागच्या झाकणातूनच एक बोल्ट बाहेर आलेला असतो आणि तो मडगार्डमधून जाऊन आतल्या बाजूने नटाने आवळलेला असतो. त्यासाठी बहुधा आठचा किंवा दहाचा पाना लागतो.

नट सोडवून परावर्तक बाहेर घ्यावा. दीड ते दोन मि.मी. जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी कापून तिच्या एका टोकाला बोल्टच्या मापाचे भोक पाडावे. ही पट्टी परावर्तक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बसते आणि तिचा मोकळा भाग परावर्तकाच्या खाली किंवा बाजूला येतो. पास लागतो तो या मोकळ्या भागावर. पट्टीच्या कडा कानशीने घासून गोल कराव्यात, कारण धारदार कड पादचाऱ्याच्या पोटरीला किंवा गाडी पुसणाऱ्याच्या बोटांना लागू शकते. पट्टी आणि मडगार्ड यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा पातळ रबरी तुकडा ठेवल्यास खडखडाट थांबतो. नटाखाली साधा व स्प्रिंग वॉशर घालावा किंवा आतून नायलॉनची कडी असलेला नट वापरावा, कारण खड्ड्यांच्या रस्त्यावर साधा नट थरथरीने सैल होतो. तो बेताचाच आवळावा. जास्त जोर दिल्यास प्लॅस्टिकच्या झाकणातून बोल्टच उपटून येतो. परावर्तक पूर्वीप्रमाणेच उभा व थेट मागे तोंड करून राहील, हे शेवटी पाहावे. तो वाकडा बसला तर त्याच्या परावर्तनाचा उपयोग कमी होतो.

पट्टीमुळे नंबरप्लेट, टेललॅम्प, इंडिकेटर वा पाटीवर उजेड टाकणारा पांढरा दिवा यांपैकी काहीही झाकले जाता कामा नये. पट्टी मागच्या चाकाला किंवा सस्पेन्शन दबल्यावर टायरला लागत नाही ना, हे दोन माणसे बसवून तपासावे. पास देणाऱ्या संस्थेने जागेचा आग्रह धरला नसेल, तर पुढच्या वायझरच्या आतील बाजूस पारदर्शक पाकिटात पास ठेवणे याहूनही सोपे.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०४ नुसार मोटारसायकलच्या मागे लाल परावर्तक असणे बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक कसा दाखवावा हे नियम ५० मध्ये, तर अक्षरे व अंकांची मापे नियम ५१ मध्ये दिलेली आहेत. दुचाकीच्या मागच्या पाटीवर अक्षरांची उंची ३५ मि.मी. आणि अंकांची ४० मि.मी. असावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या कलम १८२ अ नुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मूळ बोल्टवर बसलेल्या, काहीही न झाकणाऱ्या छोट्या पट्टीने नोंदणीपुस्तकातील कोणताच तपशील बदलत नाही. परावर्तक काढून टाकल्यास मात्र नियम १०४ चा भंग सरळच होतो. पास हा वाहनतळाच्या मालकाशी झालेला खासगी करार आहे आणि परावर्तक हे कायद्याने सांगितलेले सुरक्षासाधन आहे. पहिल्यासाठी दुसऱ्याचा बळी देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

पावसाळा आणि देखभाल

पासचा कागद पावसात टिकावा यासाठी त्याला लॅमिनेशन करताना कागदाच्या चारही बाजूंना किमान पाच मि.मी. मोकळी कड सोडावी. कागदाच्या कडेलाच कापलेल्या लॅमिनेशनमधून पाणी आत ओढले जाते. शाईच्या फवाऱ्याने छापलेला पास ओलाव्याने पसरतो, लेझर छपाई त्या मानाने टिकते. पट्टीला भोके पाडून प्लॅस्टिकच्या बंधांनी पास बांधल्यास मुदत संपल्यावर तो बदलणे सोपे जाते आणि गोंदाचा प्रश्नच उरत नाही.

परावर्तकाची परीक्षा घरीच घेता येते. अंधारात गाडीपासून तीसेक पावले मागे जावे आणि विजेरी डोळ्यांच्या शेजारी धरून तिचा झोत परावर्तकावर टाकावा. विजेरी कमरेशी धरल्यास परत आलेला उजेड डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. संपूर्ण भिंग सारखे उजळले तर परावर्तक शाबूत आहे. त्यात काळे डाग दिसले तर पाणी शिरले असे समजून तो बदलावा. नवा परावर्तक स्वस्त मिळतो, त्याची दुरुस्ती करण्यात अर्थ नसतो.

भोक न पाडता, काहीही न चिकटविताही परावर्तक निकामी होतो. आवणीच्या दिवसांत रस्त्यावरचा तांबडा चिखल त्यावर सुकतो. गवताचे भारे, लाकडाची मोळी, नागलीचे पोते मागे बांधले की त्यांची टोके खाली लोंबून तो झाकतात. मोखाड्याच्या बोहाड्यासारख्या रात्रभर चालणाऱ्या उत्सवाहून परतणाऱ्या दुचाक्या रस्त्याच्या कडेला रांगेने थांबतात, तेव्हा त्या अंधारातच उभ्या असतात. निघण्यापूर्वी ओल्या फडक्याने परावर्तक पुसणे आणि बांधलेल्या ओझ्याखालून तो दिसतो की नाही हे पाहणे, यास एक मिनिटही लागत नाही.