हृदयाची वाट शोधणारा हकीम

पावसाळ्यात वैनगंगेला पूर आला की कारध्याच्या पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात, हे आपल्या जिल्ह्यातील लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु आपल्या छातीतून रात्रंदिवस वाहणारे रक्त कोणत्या वाटेने जाते आणि ती वाट कोणी ओळखली, हे फार थोड्यांना माहीत असेल.

हृदय बंद मुठीएवढे असते. त्याचे चार कप्पे : वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका. शरीरभर फिरून आलेले अशुद्ध रक्त उजव्या कर्णिकेत येते, तेथून उजव्या जवनिकेत उतरते व फुप्फुसांकडे जाते. तेथे प्राणवायू घेऊन ते डाव्या कर्णिकेत परतते आणि डावी जवनिका ते महाधमनीतून सर्व शरीराला पोचवते. वाटेतील झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत. उजव्या व डाव्या जवनिकांमध्ये जाड भिंत असते. सारा इतिहास या भिंतीभोवती घडला.

दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य जालीनूस, म्हणजेच गॅलन, याने सांगितले होते की या भिंतीला न दिसणारी छिद्रे आहेत व त्यांतून रक्त डावीकडे झिरपते. हजार वर्षांहून अधिक काळ हेच मत प्रमाण मानले गेले. थोर इब्न सीना यांच्या ‘कानून’ ग्रंथातही तेच आले.

इब्न-अन-नफीस यांचा जन्म १२१३ च्या सुमारास दमास्कसच्या परिसरात झाला. वैद्यक शिकून ते कैरोस गेले. ते हकीम होते, तसेच शाफई फिकहचे जाणकारही होते. १२४२ च्या सुमारास ‘कानून’मधील शरीररचनेवर भाष्य लिहिताना त्यांनी स्पष्ट सांगितले : ही भिंत भरीव आहे, तिला दिसणारी वा न दिसणारी छिद्रे नाहीत, म्हणून उजवीकडील रक्त फुप्फुसांतून जाऊनच डावीकडे येते. इब्न सीनांचा आदर त्यांनी सोडला नाही. पण आदरापोटी चूकही झाकली नाही.

मृत्यूपूर्वी त्यांनी आपले घर व ग्रंथसंग्रह कैरोच्या मन्सूरी रुग्णालयाला अर्पण केला. १२८८ मध्ये ते वारले. पुढे त्यांचा ‘मूजज’ हा संक्षिप्त ग्रंथ हिंदुस्थानातील युनानी हकिमांनी पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासला. परंतु त्यात शरीररचनेचा भाग नव्हता! हृदयाचा शोध ज्या भाष्यात होता, ते बहुतेक जगाच्या विस्मरणात गेले. १९२४ मध्ये मुहियुद्दीन तत्तावी या इजिप्शियन डॉक्टरला त्याचे हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात सापडले, तेव्हा जगाला त्याचे महत्त्व कळले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रक्त सर्व शरीरातून फिरून पुन्हा हृदयाकडे येते, हे १६२८ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी सिद्ध केले. धमन्या व शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या १६६१ मध्ये इटलीच्या माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. इब्न-अन-नफीस यांचे श्रेय फुप्फुसांच्या वाटेचे आहे आणि तेवढेही थोर आहे. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. पण एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या वाहिन्यांना जोडण्याचे हे धाडस याच ज्ञानाच्या बळावर झाले.

पालकहो, पूर्वजांचा अभिमान बाळगणे सोपे आहे. मात्र कपाटात राहिलेल्या ग्रंथाचा उपयोग कोणाला? इब्न-अन-नफीस यांचे शब्द सहा शतकांहून अधिक काळ जवळजवळ मुके राहिले, कारण ते वाचणारे कमी पडले. आपल्या मुलांच्या व मुलींच्याही हाती विज्ञानाचे पुस्तक द्या. आणि विद्यार्थीमित्रांनो, गुरूचा मान राखूनही प्रश्न विचारता येतो, हे या हकिमाकडून शिका. कारध्याच्या एखाद्या घरातून उद्या असा अभ्यासक निघाला, तर हा लेख वाचल्याचे सार्थक होईल.