मीरवरची आग: धूर जाणार कुठे?

आज जायचंय मीरवर. तारीख २३ फेब्रुवारी १९९७.

रशियाचं हे अंतराळस्थानक तेव्हा अकरा वर्षं जुनं झालेलं. एरवी तिथे तिघं राहायचे आणि पाण्यापासून ऑक्सिजन काढणारं यंत्र तेवढ्यांनाच पुरायचं. पण त्या दिवसांत नवी तुकडी आलेली, जुनी अजून परतायची होती. माणसं सहा! मग जादा ऑक्सिजनसाठी 'मेणबत्ती' लावायची. नाव फसवं आहे हां. धातूच्या डब्यात लिथियम परक्लोरेट असतं. ते तापलं की साधारण एका माणसाला दिवसभर पुरेल इतका ऑक्सिजन सुटतो.

अलेक्सांद्र लाझुत्किननं रोजच्यासारखी एक सुरू केली, आणि तिनं पेटच घेतला. गंमत बघा, म्हणजे गंमत कसली म्हणा, आग विझवायची तर तिची हवा तोडायची असते. इथे ऑक्सिजन आगीच्या पोटातच! आणि धूर? पृथ्वीवर तो वर चढतो, म्हणून वाकून, रांगत बाहेर पडा असं आपल्याला शिकवतात. तिथे वर-खाली काही नाहीच. धूर सगळीकडे सारखा भरला. खिडकी उघडायची सोय नाही. पळायला दोन सोयूझ यानं होती, प्रत्येकात तीन जागा. त्यातल्या एकाची वाट आगीपलीकडे.

अमेरिकेचा जेरी लिनेंजर पेशानं डॉक्टर. त्यानं घातलेला पहिला मास्क चाललाच नाही. श्वास रोखून दुसरा शोधला. कमांडर व्हालेरी कोरझुन एकामागून एक अग्निशामक नळकांडी आगीवर रिकामी करत राहिला. आग थांबल्यावरही मास्क काढता येईनात. फिल्टर हवा हळूहळू गाळत होते आणि लिनेंजर एकेकाचा श्वास तपासत होता. सुदैवानं सगळे वाचले.

आता मला खटकलेली गोष्ट. नासानं आधी सांगितलं, आग सुमारे ९० सेकंद टिकली. लिनेंजर म्हणतो, १४ मिनिटं! कुठे दीड मिनिट, कुठे १४? गोंधळात माणसाला वेळ लांब वाटतो, मान्य. तरी धूर ज्याच्या नाकातोंडात गेला, माझा कल त्याच्याकडे. कारण नंतर कुणाच्या फुप्फुसात काय गेलं हे ठरवताना डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार: किती वेळ?

लिनेंजर त्यानंतरही मे महिन्यापर्यंत मीरवरच होता. तेवढ्यात तिथले कूलिंगचे पाइप गळू लागले आणि हवेत इथिलीन ग्लायकॉल मिसळलं. तीच हवा, तीच फुप्फुसं.