कुरकुरीचा पत्ता

आमच्या भागात सायकल आली तेव्हा तिचे सुटे भाग इंग्रजी नावं घेऊन आले, आणि गावानं ती नावं आपल्या जिभेला बसतील तशी वाकवून घेतली. पेडलचं पायडल झालं, फ्रीव्हीलचं फ्रायल झालं, मडगार्डचं मडगाट झालं. ओव्हरहॉलिंगचं तर ‘ओव्हरऑईल’ झालं, आणि त्यात तेल येतच असल्यानं ते सगळ्यांना पटलंही. सायकल कुरकुरायला लागली की ती का कुरकुरते हे शोधायची रीत मात्र कुणी बाहेरून आणली नाही. ती गावात आधीपासून होती.

बैलगाडीच्या साटीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. आस कोरडा पडला की गाडी रडायची, आणि चार शेतं पलीकडचा माणूसही सांगायचा की अमक्याच्या गाडीचं डावं चाक बोलतंय. मोटेच्या चाकाचं तसंच. जात्याचा आवाज बदलला की आई म्हणायची, “दगड गुळगुळीत झाला, टाकी लावणाऱ्याला सांगावा धाडा.” वर्षानुवर्षं असं ऐकत आलेल्या कानांपुढं सायकल आली. कानांना तिचं यंत्र नवीन होतं, काम जुनंच होतं.

ते यंत्र घडलं इंग्लंडात. कॉव्हेंट्री गावच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली ‘रोव्हर’ सायकल आणली. दोन जवळजवळ सारखी चाकं, मधे पायडलं आणि मागच्या चाकाला चेन. १८८८ साली बेलफास्टला डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं. पुढं सायकली मागं पडल्या, लोखंडी नांगर आला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. आमचं गाव त्या वाडीच्या पलीकडच्या काळ्या रानात. त्यामुळं ज्या कारखान्याचा नांगर आमच्या रानात फिरला त्याची सुरुवात सायकलच्या दुकानातून झाली, हे आमच्याकडं जुनी माणसं कौतुकानं सांगत.

स्वातंत्र्यानंतर सायकली देशातच बनू लागल्या. मद्रासला १९४९ मध्ये टी. आय. सायकल्स, सोनिपतला १९५१ मध्ये अॅटलस, लुधियान्याला १९५६ मध्ये हीरो. कंपन्या वेगळ्या असल्या तरी काळ्या रंगाच्या, दांडीच्या ब्रेकच्या या सायकली आतून जवळजवळ सारख्याच होत्या. म्हणून एका सायकलीचं दुखणं ज्याला कळलं त्याला गावातल्या सगळ्या सायकलींचं दुखणं कळायचं.

आमच्या घरी सायकल आली ती दुष्काळानंतर. १९७२ च्या दुष्काळात सरकारनं खडी फोडायची कामं काढली, त्यात आई आणि आबा दोघंही होते. त्या कामातून आमच्या गावाला बाजारच्या गावाशी जोडणारा चार मैलांचा रस्ता झाला. डांबर नव्हतं, नुसती खडी आणि मुरूम. १९७४ साली आबांनी एक जुनी बावीस इंची सायकल विकत घेतली. तिच्यावर सकाळी दोन किटल्या दूध बाजारच्या गावी जायचं. आबा साडेआठला परत आले की तीच सायकल घेऊन आक्का हायस्कूलला जायची. परकराच्या आत आबांचा आखूड केलेला लेंगा घालून, नळीवरून पाय टाकून.

आक्का तेव्हा आठवीत. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत होती आणि सातवी झालेल्या पोरी घरी बसायच्या. चुलत्यांचं म्हणणं तेच होतं. आबांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, “सायकल चालतीया तवर शिकू दे तिला.” त्यामुळं सायकल बंद पडणं म्हणजे आमच्या घरी दोन गोष्टी बंद पडणं होतं. सायकल मिस्त्रीकडं टाकली तर तिथं एक-दोन दिवस जायचे. तेवढ्यात म्हशीचं दूध घरात नासायचं आणि चुलत्यांना बोलायला निमित्त मिळायचं. म्हणून जे काय करायचं ते रात्री, कंदिलाच्या उजेडात, सोप्यात.

खडीच्या रस्त्यानं सायकलचा एकही नट घट्ट राहत नसे. आवाज रोज नवा. आबांची पहिली रीत ठरलेली होती : आवाज आला की पाय थांबवायचे आणि सायकल तशीच पळू द्यायची. पाय थांबताच आवाज थांबला तर दुखणं पायडल, क्रँक, मधला आस किंवा चेनीत. पाय थांबूनही आवाज चालूच राहिला तर चाक, ब्रेक, मडगाट. अर्थात फ्रायलची टिकटिक सोडून. आतल्या दोन खिट्ट्या दात्यांवरून घसरतात, त्यांना मिस्त्री लोक कुत्रे म्हणतात. ते कुत्रे भुंकलेलेच बरे. थंडीत जाड ग्रीसनं ते चिकटून बसले की आवाज बंद होतो आणि पायडल मोकळंच फिरतं. त्यावर उपाय म्हणजे घासलेट सोडून ग्रीस धुऊन काढायचं आणि पातळ तेलाचे दोन थेंब टाकायचे.

दुसरी रीत बुड उचलायची. सीटवरून उठून उभ्यानं पायडल मारायचं. चूंचूं थांबली तर ती सीटच्या स्प्रिंगची. किटल्या उतरवून बघायचं. खळखळ थांबली तर कॅरिअरची. एकदा आठवडाभर छळणारी टिणटिण ग्रामपंचायतीच्या करपट्टीच्या बिल्ल्याची निघाली. त्या पत्र्याच्या बिल्ल्यामागं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातल्यावर ती गप्प झाली.

तिसरी रीत मोजायची, आणि ती आक्कानं घरात आणली. आबा चौथी शिकलेले, त्यांना ठेका कानानं कळायचा, पण का ते सांगता येत नसे. आक्का शाळेत गुणोत्तर शिकली आणि तिनं खडूनं खुणा करत दाते मोजले. पुढच्या चक्राला ४४, फ्रायलला १८. म्हणजे पायडलाचा एक फेरा होतो तेवढ्यात मागचं चाक अडीचला थोडं कमी एवढं फिरतं. चेनीला शंभराच्या वर कड्या, म्हणून एखादी अडलेली कडी पायडलाच्या दोन-अडीच फेऱ्यांनी एकदा समोर येते. यातून तीन ठेके निघाले. पायडलाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा कट् वाजलं तर क्रँककडं बघायचं. फेऱ्यात दोन-तीनदा वाजलं तर मागच्या चाकाकडं. दोन-अडीच फेऱ्यांत एकदा वाजलं तर चेनीकडं. आबांनी तिचा हिशोब ऐकला आणि म्हणाले, “आसंच तर हाय की!” त्यांना हे ठाऊकच होतं, पण आता ते आम्हा सगळ्यांना सांगता येऊ लागलं.

सगळ्यात जास्त छळ कॉटरपिनचा. क्रँक मधल्या आसावर धरून ठेवणारी ती बोटाएवढी पाचर. दोन्ही पायडलं आडवी करून दोन्ही हातांनी खाली दाबायची, मग अर्धा फेरा देऊन परत दाबायची. क्रँक किंचित जरी हलली तरी पिन ढिली. लोक नट आवळत बसतात. नट फक्त पिन राखतो, ती बसवावी लागते हातोडीनंच. क्रँकखाली जाड लाकडाचा टेका द्यायचा, नाहीतर घाव थेट आतल्या छऱ्र्यांवर जातो आणि एक आवाज घालवताना दुसरा तयार होतो. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेनं घालायच्या, म्हणजे पायडलं एका रेषेत राहतात. डाव्या पायडलाचा आटा उलटा असतो, तो उजव्यासारखा फिरवला तर निघण्याऐवजी आवळत जातो.

वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, ओव्हरऑईल. काळ्या मातीचा चिखल मडगाटात भरून वाळलेला असायचा, तो खुरप्यानं काढायचा. छर्रे परातीत घासलेटनं धुवायचे आणि मोजायचे. आमच्या सायकलीत मागच्या चाकाला एका बाजूला ९ आणि मधल्या आसाला एका बाजूला ११ निघायचे. मोजायचं काम माझं. एखादा छर्रा फुटका निघाला की चाकातल्या घरघरीचा पत्ता लागायचा. वाटीत ग्रीस भरून त्यात छर्रे चिकटवायचे, मग आस घालून कोन आवळायचा. चाक हातानं आडवं हलवल्यावर खुटखुट होऊ नये आणि मोकळं सोडल्यावर व्हॉल्व्हच्या वजनानं ते आपोआप फिरून थांबावं, इतकंच आवळायचं.

आक्का नववीत असताना पुढून एक नवीन आवाज यायला लागला. बारीक कर्र, तोही रोज नाही. पाय थांबवून गेला नाही. सीटवरून उठून गेला नाही. पुढचं चाक उचलून फिरवलं तर चाक मुकं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागंपुढं ढकलली की मात्र कर्र. आबांना वाटलं हँडलच्या वाटीचे छर्रे ढिले असतील. वाटी आवळली, आवाज तसाच. आई कंदील धरून उभी होती. ती म्हणाली, “ह्यो कोरडा आवाज न्हाई. ह्यो लाकूड मोडायच्या आधीचा आवाज हाय.” तिनं तो गाडीच्या आसाचा ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी आबांनी दूध डोक्यावर नेलं, आक्का चालत शाळेत गेली, आणि संध्याकाळी आम्ही पुढचा चिमटा काढून लोहाराच्या भात्यासमोर ठेवला. लोहारानं चिमट्याच्या खांद्याशी रंग खरवडला, घासलेट लावलं, थोडा वेळ थांबून कोरड्या फडक्यानं लख्ख पुसलं आणि आक्काच्या दप्तरातला खडू कुटून त्याची भुकटी वर चोळली. लोखंडात चीर असेल तर तिच्यात शिरलेलं घासलेट बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांत तेल आणि पांढऱ्या भुकटीनं असेच तडे शोधत. आम्ही बघत बसलो. थोड्या वेळानं केसाएवढी रेघ उठली, नळीच्या अर्ध्या घेराला वेढा घालून.

तो चिमटा रस्त्यात मोडला असता तर उतारावर, दोन किटल्यांच्या वजनाखाली आबा तोंडावर पडले असते. किंवा आक्का. कुणीच काही बोललं नाही. लोहारानं डाग द्यायला नकार दिला. म्हणाला, डाग दिलेल्या जागेवर पोरीचा जीव टांगू नका. आठवडी बाजारात जुना पण सरळ चिमटा मिळाला. त्याचे पैसे आईनं कोंबड्या विकून उभे केले. मधे चार दिवस गेले. चुलते येऊन म्हणाले, “आता तरी घरी बसवा.” आबांनी उत्तर दिलं नाही, ते वाटीत छर्रे लावत होते. पाचव्या दिवशी दूध सायकलीवरून गेलं आणि आक्काही.

आक्का १९७७ साली दहावी झाली, पुढं डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवू लागली. गुणोत्तराचा धडा आला की ती वर्गाबाहेर सायकल उभी करून मुलांना दाते मोजायला लावत असे.

आता आमच्या गावात मोटारसायकली आहेत आणि शहरात माझ्या नातवाकडं गिअरची सायकल आहे. तिच्यात कॉटरपिन नाही आणि मधला आस सीलबंद येतो, म्हणजे छर्रे मोजायची सोय गेली. पण ठेके तसेच आहेत. उलट गिअरमुळं एक परीक्षा वाढली आहे : पायांची गती तीच ठेवून पुढच्या चक्राचा गिअर बदलायचा. आवाजाचा ठेका बदलला नाही तर दुखणं पायडलापाशी, बदलला तर पुढं चेनीत किंवा चाकात. घरी करून बघण्यासारखं आहे. बाकी आवाज चार दिवस थांबले तरी चालतात, तेलाचे थेंब सवडीनं देता येतात. पुढचा ब्रेक दाबल्यावर चिमट्यातून कर्र येत असेल तर मात्र पत्ता लागेपर्यंत त्या सायकलीवर कुणाला बसू देऊ नये.