विमान विकत घेतले. आता ते घरी कोण आणणार?

समृद्धी महामार्गावरून मेहकरच्या फाट्याला उतरणाऱ्या एखाद्या नव्या कोऱ्या गाडीकडे नीट पाहा. बॉनेटवर झेंडूचा हार असतो, मालक शेजारच्या आसनावर बसलेला असतो आणि स्टिअरिंग मात्र मेहुण्याच्या किंवा एखाद्या जाणत्या मित्राच्या हाती असते. परवाना मालकापाशीही असतो. पण शोरूमपासून घरापर्यंतच्या पहिल्या प्रवासाला सरावलेला हात हवा, असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत पडते.

आजचा धागा याच प्रसंगाविषयी आहे. फरक इतकाच, की येथे गाडीच्या जागी विमान आहे आणि मेहुण्याच्या जागी मोबदला देऊन बोलावलेला उड्डाणशिक्षक.

विकत घेतलेले विमान विक्रेत्याकडून मालकाच्या गावी उडवत नेणे, याला वैमानिकांच्या भाषेत ‘फेरी’ म्हणतात. मालक स्वतः वैमानिक असला, तरी प्रत्येक जातीच्या विमानाचा स्वभाव निराळा असतो. उतरताना वेग किती ठेवावा, इंधनाची टाकी केव्हा बदलावी, इंजिनाचा कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता धोक्याचा, हे परवाना सांगत नाही. म्हणून शिक्षकाला सोबत घ्यायचे. यात एका खर्चात दोन कामे होतात: विमान घरी येते, आणि वाटेतल्या तासांत मालक त्या विमानाचा वैमानिक होतो. आज तर अनेक विमा कंपन्याही नव्या मालकाने शिक्षकासोबत ठरावीक तास उडावे, अशी अट घालतात.

भारतात प्रारंभी हा प्रश्नच नव्हता, कारण विमाने उडत येतच नसत. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीला टपाल नेले. हे अंतर जेमतेम सहा मैलांचे होते आणि ते यंत्र आगबोटीतून आले होते. विमान हा तेव्हा सामानाचा एक नग होता.

चित्र पालटले ते १९२५ मध्ये. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत जेफ्री डी हॅविलंड यांनी ‘मॉथ’ या विमानाचे पहिले उड्डाण केले. साठ अश्वशक्तीचे इंजिन, दोन आसने, आणि पंख मागे दुमडून गॅरेजात ठेवता येण्याची सोय! इंग्लंडमधील सरकारी मदतीच्या फ्लाइंग क्लबांनी हेच विमान घेतले.

मॉथची बैठक लक्षात ठेवा, तिचे काम पुढे पडणार आहे. दोन्ही आसने एकामागोमाग एक, दोन्हींपाशी नियंत्रणे. शिक्षक पुढे बसे, शिष्य मागे. इंजिनाच्या गोंगाटात शिक्षकाचे शब्द एका रबरी बोलनळीतून शिष्याच्या कानी पोहोचत. शिष्य एकटा उडू लागला, की तो मागच्याच आसनावर बसे आणि पुढची जागा रिकामी राही.

एवढेसे विमान भारतापर्यंत उडत येऊ शकते काय? याचे उत्तर देणाऱ्या दोघांपैकी एक जण पेशाने शिक्षकच होता. नेव्हिल स्टॅक हे लँकेशायर एरो क्लबचे प्रशिक्षक. १५ नोव्हेंबर १९२६ रोजी ते आणि बर्नार्ड लीट दोन मॉथ घेऊन लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून निघाले आणि ८ जानेवारी १९२७ रोजी कराचीला पोहोचले.

हिशेब करा: चोपन्न दिवस. आगबोटीने तोच प्रवास दोन-तीन आठवड्यांत होई! म्हणजे विमान लाकडी पेटीत बंद करून जहाजावर चढवले असते, तर ते उडत आलेल्या विमानाच्या कितीतरी आधी पोहोचले असते. (त्याच ८ जानेवारीला ब्रिटिश हवाई मंत्री सर सॅम्युअल होअर तीन इंजिनांच्या ‘हर्क्युलिस’ विमानातून दिल्लीत उतरले. ते डिसेंबरच्या अखेरीस निघाले होते. वर्तमानपत्रांचे लक्ष कोणाकडे गेले असेल, हे सांगायला नको.)

त्या काळच्या वाटेचा एकच टप्पा पाहू, म्हणजे जाणत्या माणसाची गरज कळेल. कैरो आणि बगदाद यांच्यामध्ये शेकडो मैल ओसाड वाळवंट आहे. खूण म्हणून ना नदी, ना गाव. ब्रिटिश हवाई दलाने १९२१ मध्ये टपालाच्या विमानांसाठी या वाळवंटात मोटारींच्या चाकोऱ्यांनी आणि नांगराच्या तासांनी एक रेघ उमटवली आणि तिच्यालगत ठरावीक अंतरावर उतरण्याच्या जागा आखल्या. वैमानिक खाली पाहत, ती रेघ धरून जात असे. धुळीत रेघ हरवली, की कुठे थांबावे आणि केव्हा माघारी वळावे, हे पुस्तकातून शिकता येत नव्हते.

१९२८ मध्ये मुंबई, दिल्ली, कराची, कलकत्ता येथे फ्लाइंग क्लब सुरू झाले. मुंबईचा क्लब जुहूला. भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळाला, हे आपल्याला पाठ असते. त्यांच्या पुढच्या आसनावर बसून ज्यांनी शिकवले, त्यांची नावे आपण पाठ करत नाही.

याचे एक कारण मला आगाखान पारितोषिकाच्या अटीत दिसते. इंग्लंड आणि भारत यांच्यातील अंतर एका महिन्याच्या आत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. पण उड्डाण एकट्याने केलेले हवे. १९३० मध्ये मनमोहन सिंग, जे. आर. डी. आणि अवघ्या सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर या शर्यतीत उतरले. जे. आर. डी. कराचीहून निघाले होते, तर अस्पी इंग्लंडहून येत होते. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान स्पार्क प्लगवाचून अडले होते, जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे प्लग दिले आणि थोड्या फरकाने पारितोषिक अस्पींनी जिंकले. हेच अस्पी १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

ही कथा सर्वत्र सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखी आहेच. तिच्या आधीचे पान मात्र गळते. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात अस्पी हाच मार्ग आर. एन. चावला यांच्यासोबत, एकाच विमानातून, कराचीहून इंग्लंडपर्यंत उडून गेले होते. एकट्याने जिंकलेली वाट त्यांनी दुकट्याने शिकलेली होती. याने त्यांचे यश तसूभरही कमी होत नाही. ‘एकटा’ या शब्दावर आपण जितका भार टाकतो, तितका तो पेलत नाही, एवढेच. आणि लांब पल्ल्याच्या मॉथमध्ये पुढच्या आसनाच्या जागी पुष्कळदा पेट्रोलची जादा टाकी बसवत. शिक्षकाची जागा अक्षरशः इंधनाने घेतली!

आता ज्या प्रसंगासाठी हा धागा लिहायला घेतला, तो सांगतो. काळ १९५० च्या दशकाचा प्रारंभ. मद्रास सरकारला ‘डव्ह’ हे दोन इंजिनांचे, सुमारे आठ प्रवाशांचे विमान घ्यायचे होते. ते इंग्लंडहून आणण्याचे काम व्ही. सुंदरम यांच्याकडे आले. सुंदरम मूळचे मद्रास फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षक; पुढे म्हैसूरच्या महाराजांच्या डाकोटा विमानाचे वैमानिक आणि बंगळूरच्या सरकारी उड्डाण प्रशिक्षण संस्थेचे प्रमुख. शेजारच्या आसनावर होत्या त्यांच्या पत्नी उषा सुंदरम, याच संस्थेतून १९४९ मध्ये शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या वैमानिक. म्हणजे विमान सरकारचे, आणि ते आणायला निघालेली जोडी गुरू-शिष्येची.

दोघे आगबोटीने इंग्लंडला गेले आणि परतताना पॅरिस, बगदाद, कराची या वाटेने लंडनहून मुंबईला सत्तावीस तासांत पोहोचले. स्टॅक आणि लीट यांना याहून थोड्या कमी अंतरासाठी चोपन्न दिवस लागले होते, हे आठवा. मधल्या पंचवीस वर्षांत इंजिने सुधारली, वाटेवर विमानतळ झाले, रेडिओ आला. तरीही नवे विमान घरी आणायला पाठवला गेला तो शिक्षकच.

उषाताईंचा उल्लेख बहुधा ‘वैमानिक पतीची वैमानिक पत्नी’ असा येतो. मला तो अपुरा वाटतो. जातीने नवे विमान, परका मुलूख आणि रात्रंदिवसाचे उड्डाण असताना दुसऱ्या आसनावर कोण बसणार, हे नात्यावर ठरत नाही. ते लॉगबुकातील तासांवर ठरते.

जाता जाता एक विनंती. तुमच्या गावात पहिला ट्रॅक्टर किंवा पहिली जीप आली असेल, तेव्हा मालक कोण होता हे सगळ्यांना ठाऊक असते. ती शहरातून चालवत कोणी आणली आणि मालकाला कोणी शिकवली, हे घरातल्या आजोबांना विचारा आणि उत्तर खाली लिहा.