पुंज-किल्ली : शंभरातले तीन प्रकाशकण

बँकेचा व्यवहार असो वा लष्करी संदेश, तो कुलूपबंद करणारी अंकांची 'किल्ली' दोन्ही टोकांना गुपचूप पोहोचविणे, हीच खरी अडचण. ती एकेका प्रकाशकणावरून पाठविण्याची रीत चार्ल्स बेनेट व जिल्स ब्रासार यांनी १९८४ मध्ये मांडली, तीही बंगळुरूच्या परिषदेत. कण मोजला की त्याची अवस्था बिघडते. त्यामुळे प्रत्येक कण मोजून पुढे धाडणाऱ्या चोरापायी किल्लीतील सरासरी चारांपैकी एक अंक चुकतो आणि चोरी उघडी पडते.

तत्त्व चोख आहे; अडते ते तारेत. प्रकाशतंतूत दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल प्रकाश विरतो. वर्ध्याहून नागपूरला ७५ किलोमीटरचा तंतू टाकला असे समजा. निघालेल्या शंभर कणांपैकी जेमतेम तीन पोहोचतील. दूरसंचारातले नेहमीचे वर्धक येथे निरुपयोगी, कारण तेही कणाची अवस्था बिघडवतात.

त्यात नेमका एकच कण सोडणारा दिवा व्यवहारात सहसा नसतो. मंद केलेल्या लेसरच्या झोतात कधी दोन कण येतात व चोर त्यातला एक अलगद काढून घेऊ शकतो. झोत आणखी मंद करावा, तर किल्लीची गती मंदावते. यावर २००३ मध्ये ह्वांग यांनी सुचविलेला आणि २००५ मध्ये लो, मा व चेन यांनी पक्का केलेला तोडगा म्हणजे 'फसवे झोत'. कमी-अधिक तीव्रतेचे झोत मिसळायचे. कोणता खरा हे चोराला कळत नाही आणि त्याची निवड पोहोचलेल्या कणांच्या प्रमाणात उमटते. सुरक्षा व गती दोन्ही एकदम वाढविणारी अशी युक्ती विरळाच.

यंत्रांचे दोष मात्र निराळे. प्रखर प्रकाशाने शोधक 'आंधळे' करून बाजारातील यंत्रणा काबूत घेता येतात, हे वादिम मकारोव यांच्या सहभागातील गटाने २०१० मध्ये दाखविले. त्यावर २०१२ मध्ये उपाय निघाला : मोजणीच मधल्या, अविश्वासू मानलेल्या ठाण्यावर सोपवायची. याच मधल्या मोजणीच्या कल्पनेवर २०१८ मध्ये बेतलेल्या 'जुळे-क्षेत्र' पद्धतीने अंतराची मर्यादाही पुढे ढकलली.

भारतात फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ व दिल्ली आयआयटीने प्रयागराज-विंध्याचल या शंभराहून अधिक किलोमीटरच्या, आधीच टाकलेल्या तंतूवर हा प्रयोग केला. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत शहरांदरम्यान २,००० किलोमीटरचे उद्दिष्ट आहे.